आधी माल, मग पावती
पिट्सबर्ग,
१२ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "अगं, पण तू दिवसभर नेमकं करतेस काय?" मी "कॉम्प्युटरचंच काहीतरी" म्हणून वेळ मारून नेली. फोनवर सांगायला बसले की आई मधेच "जेवलीस का?" विचारते आणि धागा तुटतो. म्हणून हे पत्र. आणि तुम्हाला सांगायचं तर हरिपूरच्या, जमिनीखाली हळद साठवायच्या पेवांवरूनच सांगावं लागेल.

साधी डिस्क म्हणजे नंबर टाकलेले खण. १ टीबीच्या डिस्कमध्ये ४०९६ बाइटचे असे सुमारे २४ कोटी खण असतात. डिस्क स्वतः ठार अडाणी. "अमुक नंबरच्या खणात हे ठेव" म्हटलं की ठेवते, "दे" म्हटलं की देते. कुठला खण रिकामा, कुठल्या फाइलचे तुकडे कुठल्या खणांत, हे सगळं लिहिणारा दिवाणजी वेगळा. त्याला फाइल सिस्टीम म्हणतात. म्हणजे पेढीवर बसून तुम्ही प्रत्येक हळकुंड पेवात कुठल्या कोपऱ्यात पडलंय ते वहीत मांडत बसायचं! तुम्ही असं कधी केलंत का? पोती पेववाल्याच्या ताब्यात दिली, पावती घेतली, संपलं. आत कशी रचायची, पाचट किती घालायचं, हे त्याचं तो बघायचा.

ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये डिस्कलाच पेववाला केलंय. माल द्यायचा, त्यावर नंबर पडतो, जागेचं तिचं ती बघते. त्या गाठोड्याला ऑब्जेक्ट म्हणतात आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी बांधलेली असते. मी जी फाइल सिस्टीम लिहितेय तिच्यात एक फाइल म्हणजे एक ऑब्जेक्ट. मालक कोण, शेवटचा हात कधी लागला, हे त्या चिठ्ठीवरच. फोल्डर हेही एक ऑब्जेक्टच, त्याच्या पोटात फक्त नावं आणि नंबर. रिकाम्या खणांची वही माझ्याकडून गेली. निम्मा कोड लिहावाच लागला नाही. पण उरलेल्या निम्म्यानं घाम काढला, ते पुढे सांगते.

ही कल्पना वाढली ती याच गावात, कार्नेगी मेलन विद्यापीठात, १९९०च्या दशकात. गार्थ गिब्सन आणि त्यांच्या गटाची. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट तुम्हाला नवी वाटणार नाही. डिस्क थेट नेटवर्कवर ठेवली, तर माल कुणाला द्यायचा हे तिनं ठरवायचं कसं? दर वेळी दिवाणजीला विचारत बसली तर दारात रांग लागेल. म्हणून दिवाणजी एकदाच सहीची पावती देतो: या नंबरचा माल या माणसाला फक्त बघता येईल, किंवा बदलता येईल. डिस्क सही तपासते आणि माल सोडते. तुम्ही सांगायचात ना, हळद पेवात जागची हलायची नाही, पावतीच पेठेत या हातातून त्या हातात फिरायची. तेच हे.

२००४ मध्ये या डिस्कांशी कसं बोलायचं त्याचं अधिकृत मानक झालं. २००९ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये त्यावरची एक्सोफस नावाची फाइल सिस्टीम आली आणि २०१९ मध्ये, आपल्याकडे सांगलीत आयर्विन पुलाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं त्याच वर्षी, ती काढूनही टाकली. तसल्या डिस्का बाजारात कधी रुळल्याच नाहीत. कल्पना मात्र टिकली. सेफ, लस्टर नावाच्या मोठ्या साठवण-प्रणालींत डिस्कऐवजी तिच्यापुढचा सर्व्हर पेववाल्याचं काम करतो.

आता माझी फजिती. नवी फाइल करायची म्हणजे दोन कामं: डिस्कवर ऑब्जेक्ट तयार करायचं आणि फोल्डरमध्ये नाव लिहायचं. काम झटपट व्हावं म्हणून मी दोन्ही हुकूम एकदम सोडत होते, पहिल्याच्या उत्तराची वाट न बघता. वेग बघून खूश होते. मग चाचणीसाठी मधेच वीज तोडली. परत सुरू केलं तर फोल्डरमध्ये नावं जागच्या जागी, आणि नंबर मागायला गेलं तर डिस्क म्हणते असं काही माझ्याकडे नाहीच.

बाबा, त्या क्षणी मला २००५ चा पूर आठवला. तुम्ही गुडघाभर चिखलातून घरी आलात, पिशवीतून पावत्या काढून टेबलावर मांडल्यात. एकही भिजली नव्हती. आणि पेवांत पाणी. आई काहीच बोलली नाही, तिनं फक्त चहा ठेवला.

आता मी आधी माल पोचल्याची खात्री करते, मगच नाव लिहिते. मधे वीज गेलीच तर बेवारस माल पडून राहतो, जागा अडवतो, पण खोटी पावती निघत नाही. बेवारस शोधणारा वेगळा प्रोग्राम रात्री चालवते. वेग कमी झाला, सर थोडे कुरकुरले. कुरकुरू देत.

नदीवर रोज संध्याकाळी जाते. इथंही संगम आहे, पण ॲलेगेनी आणि मोनोंगाहेला भेटल्या की पुढच्या नदीचं नावच बदलतं, ओहायो होते. आपली कृष्णा वारणेला पोटात घेऊनही कृष्णाच राहते.

एक विचारायचं राहिलं. माल सोडताना तुम्ही पावती आधी रद्द करायचात, की पोती गाडीत चढल्यावर? मी आधी नाव खोडते आणि मग ऑब्जेक्ट काढते, पण तेवढ्यात दुसरा कुणी तीच पावती घेऊन दारात उभा असेल तर काय करायचं, ते अजून सुटलेलं नाही. तुमच्या पेढीवर असं कधीतरी झालं असेलच. सविस्तर लिहा, आणि आईला सांगा, जेवले.

तुमची,
धाकटी