टेस्लाचा मनोरा आणि मीटरची कथा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला विजेचा संशोधक निकोला टेस्ला याच्यावरचा लेख वाचला. लेखकाला टेस्लाबद्दल आदर आहे, तो मलाही आहे. पण ‘मीटर कुठे बसवायचा, या काळजीने मॉर्गनने टेस्लाचा बिनतारी फुकट विजेचा मनोरा बंद पाडला’ ही व्हॉट्सअ‍ॅपवरची कथा छापून तरी यायला नको होती.

बँकर जे. पी. मॉर्गनने १९०१ मध्ये दीड लाख डॉलर कबूल केले ते अटलांटिकपार बिनतारी संदेश पाठवण्यासाठी. त्याच डिसेंबरात टेस्लाचा प्रतिस्पर्धी मार्कोनी याने अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडला, इंग्लंडहून बिनतारी आलेलं ‘एस’ अक्षर पकडलं. टेस्लाचा न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा १८७ फुटी मनोरा मात्र अर्धवटच. वर ‘खरा बेत वीज पाठवण्याचा आहे, आणखी द्या’ हा तगादा. १९०३ मध्ये मॉर्गनने हात आखडला. कुठला सावकार दुसरं काय करेल? मनोरा पाडला गेला १९१७ मध्ये, वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या टेस्लाकडे थकलेल्या बिलापायी. तोवर मॉर्गनला जाऊन चार वर्षं झाली होती.

माझी सगळी नोकरी विजेच्या लाइनवर गेली. ४०० केव्हीच्या (म्हणजे चार लाख व्होल्टच्या) तारांखाली अंधार पडल्यावर सुटी ट्यूब हातात उभी धरली, तर ना चोक, ना होल्डर, मुठीच्या वरचा भाग फिकट उजळतो. (कृपया कोणी करून पाहू नये.) टेस्लाने १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्याख्यानात नळ्या उजळून दाखवल्या, त्या अशाच बिनतारी. पण नळी उजळणं वेगळं आणि गावची गिरणी फिरवणं वेगळं. पृथ्वीच तारेसारखी वापरायची, ही त्याची कल्पना भव्य होती. तिने दूरवर कामाची वीज पोहोचल्याचा पुरावा मात्र नाही. पुढे १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला सूक्ष्मलहरींचा झोत नेम धरून सोडला, तेव्हा दीड किलोमीटरवर ३० किलोवॉटच्या वर वीज मिळाली. म्हणजे १० एचपीच्या चार गिरण्या.

राहता राहिला लेखासोबतचा फोटो. विजेच्या लोळांखाली टेस्ला निवांत बसलाय. तो फोटो एकाच काचेवर (तेव्हाच्या फिल्मवर) दोनदा घेतलेला आहे. लोळ सुटत असताना खुर्चीत कोणी नव्हतं. कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथल्या प्रयोगांच्या टिपणांत टेस्लाने स्वतःच ते सांगितलंय. फोटोखाली तेवढी एक ओळ हवी होती.

आपला,
एक निवृत्त लाइनमन, कराड