पांढऱ्या कांद्याची माळ घेताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी उजाडला की वडखळपासून अलिबागपर्यंतच्या रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगल्या जातात. मुंबई-पुण्याचे पर्यटक दोन-चार माळा गाडीत टाकतात. त्यातला प्रत्येक कांदा अलिबागचाच, असे मात्र समजू नये.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे हे नाव त्याच भागात पिकलेल्या कांद्यापुरते राखीव आहे. पण माळेला ना वेष्टन, ना लेबल. त्यामुळे मानांकन कागदावर राहते आणि गिऱ्हाईक रंगावर विश्वास ठेवते. पांढरा कांदा गुजरातेतही भरपूर पिकतो, भावनगर जिल्ह्यातल्या महुव्याकडे तर सुकवून पावडर करण्याचे कारखानेच आहेत. सुकवणीसाठी पाणी कमी आणि घनांश जास्त असलेला कांदा लागतो, तो चवीला उग्र असतो. अलिबागचा कांदा गोडसर, कच्चा खाण्याजोगा. म्हणून पहिली परीक्षा जिभेची: विक्रेत्याला एक कांदा कापायला सांगा आणि चाखून पाहा. कापताना डोळ्यांना धारा लागल्या तर अलिबागचा दर देण्याचे कारण नाही.

दुसरी खूण माळेची. इथला कांदा भात निघाल्यावर त्याच खाचरात लावतात, पातीसकट उपटतात, सुकवतात आणि त्याच पातीची वेणी घालून माळ विणतात. गोणीतून लांबून येणाऱ्या कांद्याची मान बहुधा कापलेली असते, मग तो सुतळीने बांधावा लागतो. अर्थात पातीसकट माल आणून कोणी इथे विणला तर ही खूण फसते. तेव्हा गाव विचारा. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव या गावांची नावे शेतकरी न अडखळता सांगेल. काढणी कधी झाली हेही सांगेल.

माळ घेताना वजन करून घ्या, कारण माळा लहानमोठ्या असतात. मग माना दाबून पाहा. ओलसर, जाड मान म्हणजे पुरते न सुकलेला किंवा डेंगळे (फुलाचा दांडा) आलेला कांदा. तो आधी सडतो आणि शेजारच्यालाही नेतो. सालीखाली काळी भुकटी दिसली तर ती बुरशी. हिरवट झाक उन्हात पडून राहिल्याची, विक्रेता तिला ‘ताजेपणा’ म्हणाला तरी हसून सोडून द्या.

घरी माळ वाऱ्यावर टांगावी. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा फ्रिजमध्ये ओल धरून कांदा कुजतो, कोंब फुटतात. पाऊस सुरू झाला की हवेतला दमटपणा वाढतो, म्हणून त्याआधी संपेल इतकाच घ्यावा. दिवाळीत कोणी ‘अलिबागचा नवा कांदा’ म्हणून विकत असेल तर ते खोटे आहे. तेव्हा इथे जेमतेम रोपे टाकायची वेळ असते.

उत्पादकांच्या संस्थांनी आणि कृषी खात्याने प्रत्येक माळेत गाव, काढणीची तारीख आणि नोंदणीकृत उत्पादकाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ओवायला येत्या हंगामापासून सुरुवात करावी. खर्च काही पैशांचा आहे.

— एक वाचक, अलिबाग