ऑलिव्ह तेल कशाच्या जागी?

संपादक महोदय,

ऑलिव्ह तेलाच्या गुणांविषयी लिहिताना एक कळीचा तपशील वारंवार सुटतो, याची मला मनापासून खंत वाटते. अमेरिकेतील नव्वद हजारांहून अधिक व्यक्तींच्या २८ वर्षांच्या निरीक्षणावरील २०२२ च्या अहवालात, रोज सात ग्रॅमांहून अधिक ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांमध्ये, ते क्वचित वा कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत मृत्यूचा धोका १९ टक्के कमी आढळला; मात्र कशाच्या जागी ते घेतले हे पाहता, लोणी, मार्गारिन (लोण्याला पर्याय म्हणून तेलापासून केलेला पदार्थ), मेयोनीज यांच्या जागी घेण्याशी कमी धोका निगडित होता, अन्य वनस्पती तेलांच्या जागी घेण्याशी नव्हे. शिवाय अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. आधीच्या आहारावर वरून ओतलेले तेल उष्मांकच वाढवते; मोठ्या चमचाभर (टेबलस्पून) तेलात सुमारे १२० उष्मांक असतात. आरोग्यविषयक मजकुरात ही तुलना स्पष्टपणे छापावी, ही विनंती.

— एक वाचक