लेखन ही बोलण्याची नक्कल नव्हे

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या अंकातील भाषाविषयक लेखात ‘बोलणे हीच मूळ भाषा, लेखन ही तिची नक्कल’ असे विधान आले आहे. हा समज फार जुना आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लिखित शब्दाला चित्रातील माणसाची उपमा देतो. तो जिवंत भासतो, पण काही विचारले तर गप्प राहतो. आपल्याकडेही ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्रावरील संस्कृत ग्रंथाने लिखितपाठकाला, म्हणजे पोथीत पाहून म्हणणाऱ्याला, सहा अधम पाठकांत बसवले आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ झाक देरिदा याने 1967 मध्ये या समजालाच हात घातला. वक्त्यावाचून टिकणे, पुन्हा पुन्हा जसेच्या तसे उच्चारता येणे हे जे गुण आपण लेखनाचे मानतो, ते बोलण्यातही मुळापासून असतात, असा त्याचा रोख होता. त्याचा पडताळा घ्यायला नाशिकपासून लांब जावे लागत नाही. वेदपाठशाळेतला विद्यार्थी पदपाठात संधी सोडवून एकेक पद सुटे म्हणतो आणि पुढे घनपाठात तीच पदे उलटसुलट फिरवतो, तेव्हा अक्षर न लिहिताही मजकूर शाईपेक्षा पक्का होतो. उलट मोडी दस्तात शब्द एकमेकांना चिकटून येतात. मी मोडी शिकलो तेव्हा ओळ तोंडाने पुटपुटल्याशिवाय मला शब्द सुटत नसत. कंठ शब्द वेगळे करतो आणि कागद ते जोडून टाकतो, हे लेखकाच्या मांडणीत कुठे बसते?

पांडवलेण्यांतील सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख तर याहून बोलका आहे. मृत पुत्राच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, गौरवाची एवढी लांब सामासिक पदांची माळ बोलताना कोणी ओवत नाही; ते प्राकृत गद्य दगडासाठीच घडवलेले दिसते. शिवाय लिपी उच्चाराची हुबेहूब नोंद करते, असेही नाही. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील ‘च’ आपण एकच लिहितो, उच्चारतो मात्र दोन तऱ्हांनी.

त्र्यंबकेश्वरी आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत माझ्या पणजोबांची मोडी सही आहे. ती नेमक्या कोणत्या बोलण्याची नक्कल आहे, एवढे लेखकमहाशयांनी सांगावे, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, पंचवटी, नाशिक