गिअर वळणाआधी बदला, वळणात नको

महोदय,
पावसाळा लागला की 'घाटात गाडी गिअरवर उतरवा' हा सल्ला जो तो देतो. तो बरोबरच आहे. पण गिअर कधी बदलायचा, हे कोणी सांगत नाही आणि घोळ तिथेच होतो.

खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनच गाडीला रोखते. हा रोध फक्त इंजिन फिरवते त्या चाकांवर येतो. स्विफ्ट, वॅगन आरमध्ये ती पुढची. बोलेरो, ईकोमध्ये मागची. वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटला म्हणून घाईने तिसऱ्यावरून दुसरा टाकून क्लच झटक्यात सोडला, तर बोलेरोची मागची चाके क्षणभर अडखळतात. वजन पुढे गेल्याने मागचा भाग आधीच हलका झालेला असतो. ओल्या रस्त्यावर तो बाहेर फेकला जातो. स्विफ्टमध्ये पुढच्याच चाकांना वळायचे आणि रोखायचेही असते. पकड संपली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या एबीएस यंत्रणेच्या भरवशावर राहू नये. ते ब्रेक सैल करते, क्लच नाही.

म्हणून सरळ पट्ट्यातच पायब्रेकने वेग उतरवा, दुसरा टाका, क्लच हळू सोडा आणि मगच स्टिअरिंग वळवा. वळणभर क्लचला पाय लावू नका. ॲक्सिलरेटरवर तो हलका, स्थिर ठेवा. हेअरपिनला, म्हणजे गाडी जवळपास उलट फिरते अशा वळणाला, ताशी ३० किलोमीटरला टायरला जितकी पकड लागते, त्याच्या पावणेदोन पटीहून जास्त ४० ला लागते. ओल्या डांबरावर तेवढी मिळेलच असे नाही.

न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचते हा समज तर जाता जात नाही. आजची इंजिने उतारावर गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन बंद करतात. न्यूट्रलमध्ये ते जळतच राहते, वर ब्रेक तापतात ते वेगळेच.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी महाबळेश्वरला रात्रभर शंभर टक्के चार्ज करून सकाळी आंबेनळी घाट उतरू नये. भरलेली बॅटरी आणखी वीज घेत नाही, त्यामुळे रीजन (मोटरने गाडी रोखून वीज परत बॅटरीत भरणे) जवळपास नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चार्जिंग ८५ टक्क्यांवर थांबवावे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १५ नुसार उतारावर खालचा गिअर टाकता येणे हा परवान्याच्या चाचणीचा भाग आहे. सपाट मैदानावर आठचा आकडा काढून ते कसे कळणार? घाटात चाचणी घेणे अवघड असेल, तर आरटीओने निदान शिकाऊ परवान्याच्या संगणकीय परीक्षेत 'गिअर वळणाआधी की वळणात?' हा प्रश्न घालावा.

– एक मोटार प्रशिक्षक, महाड