दोन वाक्यं तेवढी तुमची

पुणे, गुरुवार रात्र

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

फोनवर शूटिंगचं सांगितलं तेव्हा आई "हो हो" म्हणाली, म्हणजे तिला काही कळलं नाही. बाबा "बघू" म्हणाले, म्हणजे कळलं पण पटलं नाही. म्हणून हे पत्र. सोबत चित्रांचे दोन कागद आहेत. त्यातला काड्यांचा माणूस म्हणजे बाबा, अंबाडा असलेली काडी म्हणजे आई. हसू नका, वर्गात सगळ्यांची अशीच आहेत.

फिल्मच्या वर्गात सरांनी सरावासाठी छोटी फिल्म करायला सांगितलीय. गोष्ट नको, संगीत नको. एकाने दार उघडायचं, खोली ओलांडून दुसऱ्यासमोर बसायचं, दोघांनी दोन-दोन वाक्यं बोलायची. संपलं. वर्गातल्या पोरांनी (पोरंच ती, चौतिसाव्या वर्षी मी तिथे 'ताई' आहे) होस्टेलच्या खोल्या धरल्या. मला चिपळूणचं आपलं माजघर आठवलं.

बाबा, "एवढ्याशा कामाला सराव कसला?" असं तुम्ही विचारलंत. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला, तेव्हा आधी कुंडीत वाटाणा लावला आणि त्या रोपाची रोज एक फ्रेम घेत राहिले, महिन्याहून जास्त दिवस. ती चिमुकली फिल्म दाखवून त्यांनी मोठ्या चित्रपटाला भांडवल मिळवलं. मला भांडवल नको. तुम्ही दोघं सकाळचे दोन तास द्या.

दोनच तास, कारण उजेड तेवढाच आहे. माजघरात काचेच्या कौलातून उन्हाचा जो कवडसा पडतो, तो दहाच्या सुमाराला पाटाजवळ असतो आणि साडेअकराला भिंतीवर चढायला लागतो. फिल्ममध्ये मात्र सगळं एका मिनिटात घडतं. कवडसा मधेच हातभर सरकला तर बघणाऱ्याला कळतं.

बाबांना दार दोनदा उघडावं लागेल. एकदा मी पडवीत असेन, कडीवरचा हात टिपायला. एकदा आत, दार उघडताना. पुढे दोन्ही तुकडे असे जोडायचे की हात बाहेर हलायला लागला आणि आत येऊन थांबला, असं वाटावं. म्हणून दोन्ही वेळा हात उजवाच, वेग तोच, आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या असतील तर दुमडलेल्याच. आई, तुझ्या पुढ्यातल्या चहाचंही तसंच. मधेच घोट घेतलास तर पुढच्या शॉटमध्ये कप आपोआप भरलेला दिसेल. थर्मासमध्ये जास्तीचा चहा ठेव.

तुम्ही समोरासमोर बसलात की दोघांच्या नाकांना एक दोरी बांधलीय असं समजायचं. कॅमेरा शेवटपर्यंत त्या दोरीच्या एकाच बाजूला राहणार. बाबा, टीव्हीवर कबड्डी मैदानाच्या एका बाजूने दाखवतात म्हणून चढाई कुठल्या दिशेला चाललीय ते आपल्याला समजतं ना, तसंच. दोरी ओलांडली की तुम्ही दोघं एकाच दिशेला तोंड करून तिसऱ्याच कुणाशी बोलताय असं दिसतं. (पहिल्या प्रयत्नात माझं नेमकं हेच झालं. दोन मैत्रिणी समोरासमोर बसून खिडकीशी भांडत होत्या.)

आवाजासाठी फ्रीज आणि पंखा बंद करू. फ्रीज पुन्हा लावायचा राहू नये म्हणून मी स्कूटरची किल्ली फ्रीजमध्येच ठेवणार आहे. किल्ली घ्यायला दार उघडलं की दिवा लागणार नाही आणि आठवण होईल. शेवटी अर्धा मिनिट कुणीच बोलायचं नाही, कारण नुसत्या खोलीची शांतताही रेकॉर्ड करावी लागते. पुण्याची शांतता तिथे जोडून चालत नाही.

आता अवघड भाग. बाबा, घड्याळ थांबवावं लागेल. शॉट मागेपुढे घेणार, काटे एकदा सव्वादहा दाखवतील, पुढच्या क्षणी पावणेअकरा. शिवाय टिकटिक. २०२१ च्या पुरात पाणी त्याच्या हातभर खाली थांबलं आणि तेव्हापासून दर रविवारी तुम्ही किल्ली देताय, हे मला माहीत आहे. दोन तासच. पुन्हा तुम्हीच चालू करा, मी हात लावणार नाही.

आणि वाक्यं. मी चार वेळा लिहून बघितली, चारही वेळा मालिकेतली माणसं बोलायला लागली. सरांनी लाल पेनाने विचारलं, "हे दोघं घरी असंच बोलतात?" तेव्हा लक्षात आलं की मला ठाऊकच नाही. मी घरात असले की तुम्ही दोघंही माझ्याशीच बोलता. "बाबांना विचार, ताटं घेऊ का." "आईला सांग, दूध आलंय." समोरासमोर बसून माझ्यामार्फत! मी पुण्याला निघाले की काय बोलता? की बोलतच नाही?

तेव्हा वाक्यं तुमची तुम्ही ठरवा. एक अट आहे: तीच वाक्यं जशीच्या तशी पाच-सहा वेळा म्हणावी लागतील, एकदा कॅमेरा बाबांवर, एकदा आईवर, एकदा दोघांवर. शब्द बदलला की जोडताना पंचाईत. मला आधी कळवू नका.

कॅमेरा शुक्रवारी संध्याकाळी मिळतो, सोमवारी सकाळी दहाला परत द्यायचा. शनिवारी पहाटेच्या एसटीने निघू, शूटिंग रविवारी. सोबत वर्गातला एक मुलगा आहे, मासे खातो.

तुमची,
ठमी

ता. क. आई, पुराच्या पाण्याची रेघ दिसते म्हणून भिंत रंगवायला माणूस सांगितला असशील तर त्याला पुढच्या महिन्यात ये म्हणावं. मला ती रेघ बाबांच्या खांद्यामागे हवी आहे.