सुऱ्या, तुझा कान हवाय

सातारा,
२३ जून

प्रिय सुऱ्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी गोडोलीत एका बंगल्याच्या गच्चीवर दोर धरून उभा होतो. 'नंतर करतो' म्हणालो, आणि तो नंतर आज उजाडतोय. चिडला असशील तर चीड, पण पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर हे सांगायला घेतलं असतं तर तू तिसऱ्या वाक्याला 'मी तेव्हाच सांगितलं होतं' म्हणाला असतास आणि मी फोन ठेवून दिला असता. म्हणून लिहायला बसलो.

आई बरी आहे. गुडघे धरतात, शुगर आटोक्यात. माझा खांदा आहे तसाच.

तर, आपल्या शाळेची चिंच.

मागच्या पावसाळ्यात तिची एक फांदी पडली. रविवार होता म्हणून निभावलं. त्यानंतर पालकांनी धोशा लावला की झाड काढा. मार्चमध्ये बाईंनी मला बोलावलं. काढायचं तर नगरपालिकेत अर्ज, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, शिवाय २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नाशी ओलांडलेलं झाड म्हणजे हेरिटेज. ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावून जगवायची. चिंच शंभरीची तरी असेल. शंभर रोपं लावायला शाळेकडे जागा कुठली? ठेवायचं तर कमिटीला कुणाचा तरी कागद हवा होता. बाई म्हणाल्या, "दिलीप, तू ह्याच झाडाखाली वाढलास, तूच बघ."

मी आणि आप्पा दोन दिवस त्या झाडावर होतो. बुंध्याचा घेर अकरा फूट. आठ फुटांवर ती ढोली, आपण गोट्या लपवायचो तीच. आता तिथे पिंगळ्याची जोडी राहते. आम्ही चढलो की दोघं शेजारच्या फांदीवर बसून माना खाली-वर करत आमच्याकडे बघायची. घेर अकरा फूट म्हणजे त्रिज्या एकवीस इंच. पोकळ खोडाला त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं तरी धट्टंकट्टं लाकूड चारी बाजूंनी लागतं, हा ठोकताळा तुला पाठ आहे. म्हणजे सात इंच. बारीक लांब ड्रिल घालून बघितलं. तीन बाजूंना नऊ-दहा इंच निघालं, ढोलीच्या तोंडाशी जेमतेम पाच. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, ढोलीत सिमेंट भरा. पूर्वी लोक भरायचेच. पण वाऱ्यात झाड वाकतं आणि सिमेंट वाकत नाही. मधल्या फटीत पाणी मुरतं आणि कूज आतल्या आत वाढते. हे त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला, पण पटलं.

मग शेंड्याचं वजन उतरवलं. पाव हिश्श्याच्या वर हिरवा पाला काढला नाही. सगळ्या मोठ्या फांद्यांना तीन काप दिले. आधी खालून, मग थोडं पुढे वरून, आणि उरलेला खुंट शेवटी गळपट्टीच्या बाहेरून. सोन्या म्हणून नवीन पोरगा आहे. त्याला पहिल्यांदा गळपट्टी बोट लावून दाखवली, फांदी बुंध्याला मिळते तिथला तो फुगीर भाग. म्हणालो, हा कापलास तर झाडाला जखम मिटवायला काही राहत नाही. झाड माणसासारखं बरं होत नाही. ते कूज आत कोंडून घालतं आणि वरून नवीन लाकूड चढवतं. पोरगं ऐकत उभं राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः घेतलेला काप बघून मला तू आठवलास. इतका स्वच्छ.

काम चांगलं झालं होतं, सुऱ्या. हे मी तुला शपथेवर सांगतो.

मी कागदावर लिहिलं, 'आजच्या तपासणीनुसार झाड कोसळण्याचा धोका कमी दिसतो. पावसाळ्याच्या आधी व नंतर पुन्हा तपासणी करावी.' दोन दिवसांनी तोच कागद टाइप होऊन परत आला. त्यात लिहिलं होतं, 'सदर वृक्ष पूर्णपणे सुरक्षित आहे.' खाली माझं नाव, सहीची जागा कोरी. मी म्हणालो, असं कुठलंच झाड नसतं. कमिटीवाले म्हणाले, मग आम्ही तोडायचा अर्ज करतो, पालकांना आम्हाला उत्तर द्यायचंय. मी त्या चिंचेकडे बघितलं आणि सही केली.

आता तू जे म्हणणार ते मला ऐकू येतंय. सदर बझारातला गुलमोहर. आपण फांद्या हलक्या केल्या आणि मालकाला मी तोंडी सांगितलं, आता दोन वर्षं बिनघोर राहा. पंधरा दिवसांत तो मुळासकट शेजाऱ्याच्या मारुतीवर आडवा. गुलमोहराची मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, हे आपल्याला माहीत असून मी शब्द दिला. पैसे दोघांच्या खात्यातून गेले, आणि त्या रात्री तू म्हणालास, "झाड आपलं नाही, वारा आपला नाही, मग हमी कशाची देतोस?" मी म्हणालो, हमी दिल्याशिवाय गिऱ्हाईक कसं येणार? वाद वाढत वाढत मोठं करवतीचं मशीन घ्यायचं की नाही, बिलं कोण लिहितो, लग्नात कोण कुणाला काय बोललं इथपर्यंत गेला, आणि महिन्याभरात तू पुण्याला. मशीनबद्दल मात्र माझंच खरं होतं. अठरा इंची बारचं मशीन अजून चालतंय.

चालतंय म्हणजे चालवून घ्यावं लागतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढतं आणि डब्यात महिनाभर राहिलं की खाली वेगळं बसतं. दोन वर्षांत तीनदा कार्बोरेटरचा पडदा बदलला. आता लिटरला वीस मिली तेल, तेही त्या दिवसापुरतंच कालवतो, आणि संध्याकाळी टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत फिरवतो. चेन रोज कानस लावून घासायचं काम सोन्याकडे. दोनदा कुंपणाच्या तारेवर घालून दात घालवले बाबाने. जुन्या झाडात खिळा, तार, नाल काहीही निघतं, आधी हात फिरवून बघ म्हणून दहादा सांगितलंय.

मे महिना तुला माहीतच आहे. वर्षभर कुणाला झाड दिसत नाही आणि पहिला वळीव झाला की दिवसाला पंधरा फोन. 'ओंडके तुम्हीच न्या आणि त्याचे पैसे मजुरीतून वळते करा' हे अजून चालू आहे. सुबाभळीच्या फाट्यांना वखारवाला काय देणार, आणि टेंपोचं भाडं कुणी द्यायचं? तारेजवळचं काम असलं की लाइन बंद करून घ्यायला सकाळ जाते. लाइनमन येऊन 'बंद केली' म्हणेपर्यंत मी कुणाला शिडीला हात लावू देत नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे. शाहूपुरीत एका पिंपळावर आग्या मोहोळ होतं, ते बघून आप्पा अर्ध्यातून खाली आला आणि मी त्याला दुसऱ्यांदा वर जा म्हणालो नाही. पोळं काढणारा माणूस आणला, चार दिवस थांबलो. तू असतास तर घोंगडं पांघरून चढला असतास आणि महिनाभर तेच सांगत फिरला असतास.

एक चांगलं केलं. तिघांचाही विमा काढला, आणि हेल्मेट-पट्ट्याशिवाय कुणी वर जात नाही. आप्पाही घालतो. पहिले आठ दिवस त्याला डोक्यावर पातेलं ठेवल्यासारखं वाटत होतं म्हणे.

पण मी चिंचेवरून भरकटलो. खरं तर भरकटायचं होतंच, कारण पुढचं लिहिताना हात जड होतोय.

शाळा सुरू झाल्यावर दोन दिवसांनी मी सहज बघायला गेलो. झाड सुंदर दिसत होतं. नवी पालवी, पाव इंचही सुकलेलं नाही. पश्चिमेच्या बाजूला गेलो आणि बुंध्याशी, अगदी जमिनीलगत, तळहाताएवढी अळंबी. वरून लाखेसारखी तपकिरी चकचकीत, कडेला पांढरी किनार. गॅनोडर्मा, मुळं आणि बुंधा आतून कुजवणारी बुरशी. तिथेच बसलो. बसल्यावर दिसलं की त्या बाजूचे पेव्हर ब्लॉक नवे आहेत. चौकशी केली तर गेल्या वर्षी ड्रेनेजच्या पाइपसाठी जेसीबीने चर मारला होता, बुंध्यापासून चार फुटांवर. मुळं तोडली आणि वरून फरशी बसवली. मार्चमध्ये मी वर ढोली मापत बसलो आणि खाली फरशी उचलून बघितली नाही. फरशी नीट होती म्हणून नाही बघितली, सुऱ्या. एवढंच कारण.

आणि नेमकी पश्चिमेची मुळं. इथला पावसाळी वारा यवतेश्वराकडून उतरतो. वाऱ्याच्या अंगाची मुळंच झाडाला मागून दोरासारखी ओढून धरतात. ती सुटली की झाड पूर्वेला जाणार. पूर्वेला पाण्याचे नळ आहेत. मधल्या सुट्टीत तिथे रांग असते.

त्याच दिवशी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी काही न बोलता नळ बंद करवले आणि पाण्याची टाकी दुसऱ्या अंगाला नेली. मी माझ्याच दोरांनी झाडाभोवती मोठं कुंपण घातलं. झाडाच्या उंचीइतकी जागा सोडली, पूर्वेला थोडी जास्त. पूर्वेकडचे दोन वर्ग वरच्या मजल्यावर हलवले. पोरं दोराशी उभी राहून चिंचेकडे बघतात. एक विचारत होता, काका, तिला काय झालंय? मी म्हणालो, बघतोय.

शनिवारी रात्री वारा सुटला. दीडला उठलो, गाडी काढली आणि शाळेच्या गेटबाहेर पावसात उभा राहिलो. आत जाण्यात अर्थ नव्हता. रात्री चिंचेची पानं मिटलेली असतात, तेवढाच वारा कमी धरते, असं स्वतःला सांगत पहाटेपर्यंत थांबलो. ती हलली नाही. पण मला त्या वेळी झाडापेक्षा त्या कागदाची भीती वाटत होती, आणि त्याची लाज वाटली. कुणाच्या पोराला काही झालं तर कागद फाडून काय होणार?

नवा कागद लिहून ठेवलाय. 'मार्चमधील पत्र रद्द समजावे. त्यातील पूर्णपणे सुरक्षित हे विधान चुकीचे होते.' तो बुधवारी देणार, हे पक्कं. प्रश्न त्याच्या पुढच्या ओळीचा आहे. 'तोडावे' लिहायचं, की 'शेंडा एक तृतीयांश उतरवून, फरशी काढून, दर तीन महिन्यांनी तपासून ठेवावे' लिहायचं? कूज मुळातच थांबली असेल आणि पूर्वेची-दक्षिणेची मुळं धड असतील, तर झाड बुटकं करून ठेवता येईल. बुंध्यात वर चढली असेल तर मीच तोडायचं म्हणेन. आणि ते मला कळत नाहीये. अळंबीच्या वर दोन फूट मोगरी मारून बघितली. आप्पा म्हणतो भरीव, मला बद्द वाटतं. ती वाचावी म्हणून माझ्या कानाला भरीव ऐकू येईल, किंवा मी घाबरलोय म्हणून पोकळ. माझ्या कानावर माझाच विश्वास राहिला नाही.

मास्तर तुला बहिरा म्हणायचे आणि वर्गाबाहेर त्याच चिंचेखाली उभा करायचे. पण मोगरीचा आवाज ऐकून कूज कुठवर आहे ते खडूने आखणारा दुसरा माणूस मी बघितला नाही. कोरेगावच्या त्या आंब्यात तू आखलेली रेघ आणि कापल्यावर निघालेली कूज, दोन बोटांचाही फरक नव्हता.

बुधवारी सकाळी सातला मी शाळेत असेन. पोरं साडेदहाला येतात. स्वारगेटहून पहाटेची एसटी धरलीस तर वेळेत पोचशील. फरशी मी मंगळवारी उचलून, माती बाजूला करून मुळं उघडी करून ठेवतो. तू फक्त मोगरी मार आणि सांग. जे सांगशील ते मी माझ्या सहीने लिहीन, तुझं नाव कुठे येणार नाही. मात्र माझ्याकडे बघून सांगू नकोस, झाडाकडे बघून सांग.

पिंकीचे दहावीचे मार्क आईकडून कळले. शाब्बास म्हण तिला, पेढे बाकी आहेत. नवीन फ्लॅटला पाणी येतं का? वहिनींना नमस्कार. तुझी लाकडी मोगरी, बाभळीची, माझ्याच माळ्यावर आहे. इतकी वर्षं हात लावला नव्हता, आज काढून पुसून ठेवली. दांडा सैल झालाय, पाचर मारतो.

तुझा,
दिल्या